किरकोळ

डेल्बर्ट दर रविवारी विचारतो,
बटाटे कितीला?
मी सांगते: पाच पौंड, एक डॉलर.
टोलीडोत, मुलीच्या तळघरात बसून तो लिहून घेतो.
पेन्सिलीची खरखर इथवर येते,
एवढा चांगला आहे फोन.

बेत त्याचाच होता.
तीन हिवाळे चौकटीच्या कागदावर आकडे मांडून
त्याने सिद्ध केलं होतं
की क्वेंकात दोन म्हातारी माणसं
महिना चौदाशे डॉलरमध्ये जगतात,
वर दातही बसवून घेतात.
हवा तेवढी धरायची राहिली.
अडीच हजार मीटरवर ती विरळ मिळते,
कितीही मोजा, जास्त देत नाहीत.
अकरा आठवडे. मग त्याच्या हृदयाने नको म्हटलं
आणि तो परत गेला.

मी राहिले.
का, ते अजून कुठल्या रकान्यात बसलेलं नाही.

भाडं तीनशे चाळीस.
बस पंधरा सेंट, पासष्टीनंतर अर्धं तिकीट;
म्हातारी झाल्याचा इतका रोख फायदा
याआधी कुणी दिला नव्हता.
गॅसचा ट्रक हॉर्न वाजवत येतो, सिलिंडर तीन डॉलर,
पोरगा तो खांद्यावर घेऊन तीन जिने चढतो,
त्याचे वेगळे पन्नास सेंट.
इथे पाणी लवकर उकळतं आणि राजमा शिजत नाही,
म्हणून सिलिंडर लवकर संपतो. हेही कळवलंय.
पीनट बटरची बरणी नऊ डॉलर.
त्यावर आम्ही दोघं मिनिटभर गप्प होतो.

विजेचं बिल अकरा, कधी बारा.
येतं तार्खेलिया किश्पीच्या नावाने.
वर्षभर मी ते नाव न वाचताच भरलं.
मग एकदा घरमालकिणीला विचारलं, ही कोण?
सोइलाबाई जिना पुसत होत्या, पुसत राहिल्या.
शाळेत शिकवते. तुमच्या आधी इथे होती, दोन मुलं घेऊन.
एकशे नव्वद द्यायची.

एकशे नव्वद.
हा आकडा मी डेल्बर्टला सांगितलेला नाही.
त्याच्या कागदावर आमच्या भाड्यापुढे
'स्वस्त' लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

मार्चमध्ये ती स्वतःच आली,
कसलंसं जुनं टपाल मागायला.
मी चौथ्या बर्नरपुढे चौथी काडी ओढत होते.
तिने चमच्याचा दांडा घेतला,
बर्नर जरासा डावीकडे दाबला,
आणि जाळ धरला.
तेरा महिने मी तीनांवरच भागवत होते.

कॉफी झाली.
माझं स्पॅनिश बाजारापुरतं:
किती, महाग आहे, थोडं कमी करा.
एवढ्या शब्दांत माफी मागता येत नाही.
बाहेर गारा सुरू झाल्या.
ती आता टर्मिनलच्या पलीकडे राहते, दोन बस बदलून.
टॅक्सीसाठी पाच डॉलर मी तिच्या हातात कोंबले,
भांडण करावं तसे.

आठवड्याने तिचा धाकटा दारात.
मूठ उघडली: दोन नाणी, वर सुटे पस्तीस सेंट.
टॅक्सीचे उरलेले, म्हणाला.
पिवळी, डॉलरची नाणी,
पाठीशी पोर बांधलेल्या बाईची.
आमच्याकडे ती कुणी वापरत नाही, खणात पडून असतात.
इथे हातोहात फिरून
बाईचं नाक झिजलंय,
पोर मात्र अजून ओळखू येतं.

या रविवारी डेल्बर्ट अडला.
खर्चाला पाच, किरकोळ. ठीक आहे.
पण जमेला दोन पस्तीस?
आपली तिथे जमा कशी असेल, व्हर्ना?
पेन्सिल थांबलेली ऐकू येत होती.
मी म्हटलं, लिही.
कुणाकडून म्हणून लिहू?

चौथ्या बर्नरवर राजमा होता.
अजून तासभर तरी लागणार होता त्याला.